चतुःसीमा नसलेलं घर

पुण्यात प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत एखादा जुना बंगला पाडला की प्लॉटभोवती पत्रे लागतात आणि त्यावर आलिशान फ्लॅटची जाहिरात झळकते. एका मजल्यावर एकच घर, चार बेडरूम, गच्चीवर बाग. डेक्कनचं मेट्रो स्थानक जवळ, भांडारकर संस्था आणि लॉ कॉलेजची टेकडीही जवळ. किंमत अर्थातच कोटींत. जाहिरातीची भाषा सरदारी थाटाची असली, तरी या फ्लॅटचे खरे पूर्वज फार साधी माणसं होती: वाड्यातले बिऱ्हाडकरू, सहकारी सोसायटीचे सभासद आणि पानशेतचे पूरग्रस्त.

पेठेतल्या वाड्यात मालक एक आणि बिऱ्हाडं अनेक. दिंडी दरवाजातून आत शिरलं की चौक, भोवती ओसरी, लाकडी जिना आणि दोन-दोन खोल्यांत मांडलेले संसार. नळ सामाईक, संडास सामाईक. माडीवरच्या बिऱ्हाडात तीन पिढ्या गेल्या तरी ती जागा भाडेकरूची होत नसे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं त्याला संरक्षण दिलं, पण भाडी गोठली आणि मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतलं. वाडे खचू लागले ते तेव्हापासून.

मालक आणि भाडेकरू यांच्यामधली तिसरी वाट मुंबईत आधीच सापडली होती. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. जमीन आणि इमारत संस्थेची, सभासदाला राहण्याचा हक्क. एकट्याच्या आवाक्याबाहेरची जमीन अनेकांनी मिळून घ्यायची, ही कल्पना मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. आजच्या कोट्यवधींच्या फ्लॅटच्या मुळाशी मध्यमवर्गीयांची ही जोडणी आहे.

पुण्यात घरांच्या प्रश्नाला तातडी आली ती १२ जुलै १९६१ रोजी. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले आणि हजारो कुटुंबं उघड्यावर आली. त्यानंतर लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती वाढल्या. पेठ सोडून नदीपलीकडे किंवा पर्वतीच्या बाजूला राहायला जाणं लोकांच्या अंगवळणी पडलं. वाड्यातला माणूस आता ‘ओनरशिपचा ब्लॉक’ म्हणू लागला.

ही ओनरशिप मात्र सुरुवातीला बरीचशी बिल्डरच्या शब्दावर उभी होती. पैसे भरले, किल्ली मिळाली, कागद नाही, असे प्रकार राज्यभर वाढले. म्हणून १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला, तोच ‘मोफा’. घरटंचाईतून फ्लॅटच्या व्यवहारात गैरप्रकार वाढत आहेत, असं तो प्रस्तावनेतच नोंदवतो. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरनं किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, फ्लॅटधारकांची संस्था स्थापायची आणि तिच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं, अशी बंधनं त्यानं घातली.

फ्लॅटच्या मालकीतला पेच जुनं खरेदीखत हाती घेतलं की कळतो. मिळकतीच्या वर्णनात आधी चतुःसीमा येते: पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. मग येतं ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’. विहिरीच्या पाण्यापासून पुरलेल्या धनापर्यंत सगळं त्यात आलं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला यातलं काय लागू पडणार? खाली दुसऱ्याचं छत, वर दुसऱ्याची फरशी. करारनाम्यात चतुःसीमा लिहिली जाते ती प्लॉटची. फ्लॅटच्या वाट्याला मजला, नंबर आणि क्षेत्रफळ.

१९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्यानं त्यावर दुसरा तोडगा दिला. फ्लॅट ही स्वतंत्र स्थावर मिळकत ठरली. ती विकता येते, वारसांकडे जाते. तिच्याबरोबर जमिनीत आणि सामाईक जागांत अविभक्त हिस्सा मिळतो आणि त्याची टक्केवारी घोषणापत्रात नोंदलेली असते. ‘आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे’ हे पुण्यात नेहमी कानावर पडणारं वाक्य या कायद्यातून आलं.

पुढच्या सुधारणा मी भराभर सांगतो. अनेक बिल्डरांनी जमीन नावावर करून दिलीच नाही, म्हणून २००८ च्या दुरुस्तीनं बिल्डरविना जमीन संस्थेच्या नावे होण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची सोय आली. इमारतीखालचं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली मोफाखालच्या खटल्यात सांगितलं. गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं महारेरा प्राधिकरण १ मे २०१७ पासून सुरू झालं. कराराआधी घ्यायच्या रकमेची मर्यादा दहा टक्क्यांवर आली आणि विक्रीसाठी चटई क्षेत्र सांगणं सक्तीचं झालं. जिना आणि लॉबी मिळवून फुगवलेल्या ‘सुपर बिल्टअप’च्या आकड्यावर भाव ठरवण्याच्या रिवाजाला त्यामुळे लगाम बसला.

आता डेक्कन-एरंडवण्यात बंगल्यांपाठोपाठ जुन्या अपार्टमेंटही पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्या बोलण्यांत इटालियन संगमरवराला कोणी विचारत नाही. भिंती पाडल्यावर उरते ती जमीन, आणि तिच्यातला हिस्सा कागदावर असेल तरच सभासदाच्या शब्दाला वजन येतं. आलिशान फ्लॅट घेणाऱ्यानं म्हणूनच सॅम्पल फ्लॅट पाहून झाल्यावर तिथल्या तिथे तीन गोष्टी विचाराव्यात: मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं आहे, इथे सोसायटी होणार की अपार्टमेंट, आणि जमीन आमच्या नावावर नेमकी कधी होणार.