हातातल्या दिव्याची गोष्ट

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या नाट्यमंडळाची खोली रिकामी करायला घेतली. फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या आवारात अशा खोल्या पुष्कळ ठिकाणी असतात. पडद्यांच्या गुंडाळ्या, पत्र्याचे मुकुट, गंजलेले स्पॉट, वाळवी लागलेली नाटकांची पुस्तके. पितळेच्या वस्तू एका बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या मोडीत घालायच्या आणि त्या पैशांत नवे एलईडी दिवे घ्यायचे, असे ठरले होते. त्या ढिगात एक समई होती. मी ती उचलली तर आत काहीतरी खडखडले. उलटी करून पाहिली. बुडाच्या पोकळीत एक लाकडी ठोकळा, त्यात टॉर्चचे दोन मोठे सेल आडवे बसतील अशी खाच, दांडीतून वर गेलेली तार, आणि वातीच्या जागी टॉर्चचा चिमुकला बल्ब. कडेला पितळी पट्टीचा एक खटका.

ही आमच्या मास्तरांची समई. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि जत्रेच्या नाटकाला प्रकाशयोजना करायचे. 'प्रकाशयोजना' हा शब्द त्यांना फार मोठा वाटे, ते म्हणत, "मी लायटी सांभाळतो." आज ते नाहीत. समई मोडीत गेली असती तर त्यांनी काय केले होते हे सांगणारे काहीच उरले नसते. म्हणून हा लेख.

आपल्या रंगभूमीवरच्या उजेडाचा इतिहास आपण सांगतो तो बहुधा वर टांगलेल्या किंवा पुढे मांडलेल्या दिव्यांचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हा समया, पलिते, दिवट्या हाच रात्रीचा उजेड होता. मग रॉकेलचे दिवे आले, मग गॅसबत्ती, मग वीज. आमच्याकडे पोर्तुगीज अमलात वीज मुख्यतः शहरांपुरती होती. खेड्यांत ती पसरली १९६१ नंतर. त्यामुळे आमच्या वाडवडिलांनी पाहिलेली जत्रेतली नाटके पेट्रोमॅक्सच्या उजेडातली. त्याचा तो सूंऽऽ आवाज नांदीच्या मागे सतत चालू असायचा, असे आजी सांगायची.

पण या सगळ्यात एक दिवा वेगळा आहे. तो पात्राच्या हातात असतो. नायिकेचे निरांजन, पहारेकऱ्याची मशाल, वाटसरूचा कंदील. हा दिवा पात्राबरोबर चालतो, वळतो, विझतो. त्याचा इतिहास निराळा आहे आणि तो जवळजवळ कोणी लिहिलेलाच नाही.

पेट्रोमॅक्सच्या काळात हा प्रश्नच नव्हता. दिवा खरा, ज्योत खरी. पण रंगवलेले कापडी पडदे, लाकडी विंगा, जरीची वस्त्रे आणि त्यांच्यामधून फिरणारी उघडी ज्योत! ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाचे रिंग थिएटर जळाले. तिथे गॅसचे दिवे होते. शेकडो माणसे गेली. त्याच्या दोनच महिने आधी, १० ऑक्टोबरला, लंडनचे सॅव्हॉय थिएटर उघडले होते. संपूर्णपणे विजेने उजळलेली ती पहिली सार्वजनिक इमारत मानतात. जोसेफ स्वानचे सुमारे १२०० दिवे तिथे होते. वीज सुरक्षित आहे हे पटवायला मालक डॉयली कार्ट यांनी रंगमंचावर येऊन पेटता दिवा फोडून दाखवला.

आपल्या गोष्टीशी खरा संबंध आहे तो त्याच थिएटरातल्या पुढच्या वर्षीच्या नाटकाचा. २५ नोव्हेंबर १८८२ रोजी तिथे 'आयोलांथे' हे संगीतक लागले. त्यात मुख्य पऱ्यांच्या केसांत लहान विजेचे दिवे होते आणि ते पेटवणारी बॅटरी त्यांच्या अंगावरच बांधलेली होती. म्हणजे आपण ज्याला आजची गंमत समजतो तो बॅटरीचा, तारेविना फिरणारा दिवा रंगमंचावर येऊन १४० वर्षे उलटली. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० सालचे. दोन्ही जवळजवळ एकाच काळातली.

आता पुन्हा आमच्या मांडावर येऊ. गावात वीज आली आणि पहिल्यांदा समईत बल्ब बसला तो तारेचा. फळ्यांना भोक पाडून तार खालून वर घ्यायची. दिसायला छान, पण समई जागची हलवता येईना. पात्रांचे पाय तारेत अडकायचे. शिवाय २३० व्होल्टची तार पितळेच्या समईतून, आणि तीही ओल्या हाताने फुले वाहणाऱ्या नटीच्या शेजारी! मास्तरांना ते पाहवेना. सत्तरच्या दशकात कधीतरी त्यांनी ही सेलची समई केली. दीड व्होल्टचे दोन सेल, अडीच व्होल्टचा बल्ब, वर तांबूस जिलेटिनचा कागद. खटका अशा जागी, की समई हातात धरली तर अंगठा आपोआप त्यावर जातो. काडी ओढायची, वातीला लावल्यासारखे करायचे, अंगठा दाबायचा. पाठीमागच्या रांगेला दिवा खरोखर लागल्यासारखाच वाटे.

त्यांच्या इतर करामतीही सांगायला हव्यात. डिमर परवडत नव्हता तेव्हा चिनी मातीच्या बरणीत मिठाचे पाणी भरून त्यात दोन पत्रे सोडायचे. पत्रे जवळ आले की दिवा उजळतो, लांब गेले की मंदावतो. पाणी तापायचे, वाफ यायची, शॉक बसायचा. (हे आज कोणी करू नये, जिवावर बेतेल.) आगीचा भास हवा असेल तर ट्यूबलाइटचा स्टार्टर साध्या बल्बच्या मालिकेत जोडायचा, बल्ब आपोआप लुकलुकतो. यातले काहीच कागदावर नाही. आम्ही पोरे शेजारी उभी राहून पाहायचो, तेवढेच.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि मला वाटले, आता हे सगळे नीट करू. साधारण २०१२ च्या जत्रेला मी नवी समई केली. पिवळसर एलईडी, रिचार्जेबल सेल आणि टीव्हीच्या रिमोटसारखा रिमोट. हिशोब सोपा होता. टॉर्चच्या बल्बला ३०० मिलिअँपिअर लागायचे, माझ्या एलईडींना ६०. सेल २२०० चा. म्हणजे छत्तीस तास. नाटक पहाटेपर्यंत चालले तरी काळजी नाही. नटीला खटका नको, अंगठा नको. तिने फक्त अभिनय करायचा, दिवा मी विंगेतून लावणार.

तालमीत शंभर टक्के चालला. जत्रेच्या रात्री तिसऱ्या अंकात नायिकेने काडी वातीला लावली आणि दिवा लागेना. मी रिमोट दाबतोय, दाबतोय. तिने दुसरी काडी ओढली. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "तेल घाल गे बाय!" आणि सगळा मांड हसला. तो प्रसंग रडण्याचा होता.

चूक माझी होती, आणि ती साधी होती. टीव्हीचा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो, सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर. तालीम ट्यूबलाइटखाली झाली होती. जत्रेत वर हॅलोजन पेटलेले, आणि हॅलोजनमधून अवरक्त किरणांचा नुसता पूर येतो. त्यात माझ्या रिमोटची फुंकर कुठे कळणार? भरीला नायिका समईवर वाकलेली, पाठ माझ्याकडे. किरणांना वाटच नव्हती.

पुढच्या वर्षी रेडिओवर गेलो. ४३३ मेगाहर्ट्झची स्वस्त जोडी, सोबत संकेत ओळखणारी चिप, म्हणजे परक्या रिमोटने दिवा लागू नये. आता पाठ वळली तरी चालते. एक छोटा आर्डुइनो बसवला. तो दिव्याचा उजेड क्षणाक्षणाला थोडा कमीजास्त करतो, नेम नसल्यासारखा, म्हणून ज्योत वाऱ्यावर हलल्यासारखी दिसते. काम झाले. तरी मनात खुटखुट होती.

मास्तर तेव्हा थकले होते, पण पहिल्या रांगेत बसून नाटक पाहात. त्या हसण्याच्या रात्रीनंतर त्यांना भेटायला गेलो होतो. रागावले नाहीत. म्हणाले, "तुझे यंत्र माझ्यापेक्षा चांगले आहे रे. पण दिवा ज्याच्या हातात, कळ त्याच्याही हातात असू दे." तेव्हा मला ते जुन्या माणसाचे बोलणे वाटले.

परवा ती जुनी समई उघडली आणि खटक्याची जागा पाहिली तेव्हा उमगले. तो खटका पैसे नव्हते म्हणून तिथे नव्हता. काडी आणि उजेड यांच्यामधला क्षण नटीचा आहे, विंगेतल्या माणसाचा नाही, हे ठरवून तो तिथे बसवला होता. सॅव्हॉयच्या पऱ्यांची बॅटरी त्यांच्या अंगावर, मास्तरांचा खटका अंगठ्याखाली. मी पहिल्यांदा तो अधिकार काढून घेतला, आणि नेमकी तिथेच फजिती झाली.

आता आमच्या समईत दोन्ही आहे. रिमोटने ज्योत मंद करता येते, पण लावायचा खटका बुडाला, मास्तरांच्या जागी. रिमोटचा संकेत तुटला तर दिवा आहे तसा राहतो, विझत नाही.

मास्तरांची समई मंडळाने मोडीतून काढून मला सांभाळायला दिली. खाचेत गळक्या सेलांचा हिरवट-पांढरा थर होता. तो हळूच पुसून काढला, बाकी काहीही बदलले नाही. तारा त्यांच्याच, गाठीही त्यांच्याच. फोटो काढले, मापे घेतली, आणि एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवले की हे कशासाठी आहे. चिठ्ठी नसेल तर पुढच्या माणसाला ती नुसती मोडकी समई दिसणार.

देवळांचे शिलालेख आपण वाचतो, नाणी जपतो. आपापल्या गावच्या नाट्यमंडळाच्या खोलीतही एकदा डोकावून बघा. डबे, बरण्या, तारा लावलेले कंदील दिसले तर टाकण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या लायटीवाल्याला विचारा. आणि तो सांगेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा.