मेलेली नदी आणि जिवंत तळी : कलकत्त्याच्या सांडपाण्याचा इतिहास

कोकणातल्या घराच्या मागीलदारी मोरीचे पाणी जिथे बाहेर पडते, तिथे अळू असतो. त्याच्या पलीकडे दोन केळी आणि एखादी कर्दळ. ही रचना कोणी पुस्तक वाचून केलेली नसते. पाणी वाया जाऊ नये, परसात चिखल माजू नये आणि फदफद्याला घरची पाने मिळावीत, एवढाच हिशेब त्यामागे असतो. भांड्यांचे आणि आंघोळीचे पाणी झाडे पितात, उरलेली ओल ऊन सुकवते. एका घराचा प्रश्न दहा पावलांत मिटतो.

शहराचा प्रश्न असा मिटणार नाही, असे आपण गृहीत धरतो. लाखो मोऱ्यांचे पाणी एकत्र आले की यंत्रे हवीत, वीज हवी, मोठमोठ्या टाक्या हव्यात. या समजुतीला आपल्याच देशातले एक महानगर जवळजवळ शंभर वर्षे छेद देत आले आहे. ते शहर म्हणजे कोलकाता. तिथे हे कोणी ठरवून केले नाही. एक नदी मेली, तिच्या काठच्या मासेमारांवर उपासमारीची वेळ आली, आणि त्यातून हे घडले. या व्यवस्थेचा इतिहास पाहिला, की सांडपाण्याचा प्रश्न तंत्राचा किती आणि जमिनीचा किती, हेही उलगडते.

शहराचा उलटा उतार

कलकत्ता हुगळीच्या काठी वसले. त्यामुळे शहराची घाण हुगळीत जात असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिथली भूमी उलटी आहे. शतकानुशतके पुराबरोबर आलेला गाळ काठावर साचून नदीलगतची जमीन उंच झाली आणि तिथून ती पूर्वेकडे उतरत गेली. शहरात पडलेला पाऊस नदीकडे पाठ फिरवून पूर्वेच्या दलदलीकडे धावतो. त्या दलदलीला इंग्रज 'सॉल्ट लेक्स', म्हणजे खारी तळी म्हणत. विद्याधरी नावाची भरती-ओहोटीची नदी समुद्राचे पाणी तिथे आणून सोडत असे. त्या खाऱ्या पाण्यात भेटकीसारखे मासे वाढत आणि त्यांवर मासेमारांची वस्ती जगत असे.

१८०३ साली गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी शहराच्या सुधारणेविषयी लिहिलेल्या टिपणात गटारांच्या सदोष रचनेवर बोट ठेवले होते. पुढे अर्धशतक समित्या बसल्या आणि उठल्या. अखेर विल्यम क्लार्क या अभियंत्याने १८५५मध्ये भूमिगत गटारांची योजना मांडली. १८५९मध्ये काम सुरू झाले आणि १८७५च्या सुमारास पूर्ण झाले. पावसाचे आणि घरांचे पाणी एकाच गटारातून पूर्वेला न्यायचे, पंपांनी उचलायचे आणि कालव्यातून विद्याधरीत सोडायचे, अशी ही व्यवस्था होती. ओहोटी लागली की नदीने सगळे समुद्राकडे वाहून न्यावे, हा त्यामागचा हिशेब. त्या काळच्या युरोपातल्या बहुतेक शहरांप्रमाणे कलकत्त्यानेही घाण दृष्टीआड केली आणि प्रश्न सुटला असे मानले.

विद्याधरीचे मरण

नदीने हा भार फार काळ सोसला नाही. भरती-ओहोटीच्या नदीचे आयुष्य तिच्या पसरण्याच्या जागेवर अवलंबून असते. भरतीचे पाणी जितक्या मोठ्या प्रदेशात पसरेल, तितक्याच जोराने ते ओहोटीला परतते आणि पात्रातला गाळ खरवडून नेते. विद्याधरीच्या आजूबाजूला शेतीसाठी आणि मासेमारीसाठी बांध पडले, कालवे खोदले गेले, वरून येणारे गोडे पाणी कमी झाले. पसरायला जागा उरली नाही तसा गाळ पात्रातच बसू लागला. त्यात शहराच्या गटारांची भर होतीच. १९२८मध्ये सरकारने विद्याधरी मृत झाल्याचे जाहीर केले. नदी मेल्याची सरकारदरबारी नोंद व्हावी, असे आपल्याकडे क्वचितच घडले असेल.

नदीच्या मरणाचे दोन परिणाम झाले. शहराचे सांडपाणी कुठे सोडायचे, हा पहिला प्रश्न. दुसऱ्याकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. समुद्राचे पाणी येईनासे झाल्यामुळे खारी तळी गोडी होऊ लागली आणि खाऱ्या पाण्यातला मासा नाहीसा झाला. तळी होती, जाळी होती, माणसे होती, मासा नव्हता. कालव्यातून मात्र शहराचे काळे पाणी वाहत होते.

१९३०च्या सुमारास या पाण्याचा वापर मत्स्यशेतीसाठी सुरू झाला. त्या संदर्भात बिधुभूषण सरकार या तलावमालकाचे नाव घेतले जाते. सांडपाणी मोजून तळ्यात घ्यायचे, काही दिवस उन्हात ठेवायचे आणि पाणी हिरवे झाले की गोड्या पाण्यातल्या माशांचे बीज सोडायचे, ही रीत एका तळ्यातून दुसऱ्यात गेली. बांध घालून केलेल्या अशा उथळ तळ्याला बंगालीत 'भेडी' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थच बांध असा आहे.

नेमक्या याच काळात, १९२९मध्ये, जर्मनीतल्या म्युनिक शहरानेही सांडपाण्यावर कार्प मासे वाढवण्याची तळी सुरू केली. ब्रुनो होफर या मत्स्यशास्त्रज्ञाच्या कल्पनेवर ती आधारलेली होती. तिथे आधी शास्त्र आले आणि मग तळी खोदली गेली. कलकत्त्यात तळी आधी होती, पोट आधी होते. शास्त्र पन्नास वर्षांनी आले. दोन्ही ठिकाणी निसर्गाचे काम एकच. फरक एवढाच, की म्युनिकची तळी पहिल्या दिवसापासून शहराच्या कागदावर होती आणि कलकत्त्याची नव्हती.

शहराच्या पाण्याची वाट लावण्याचे काम महापालिकेचे मुख्य अभियंता बीरेंद्रनाथ डे यांच्याकडे आले. त्यांनी सांडपाण्याचे आणि पावसाळी पाण्याचे कालवे वेगळे केले आणि ते पूर्वेला कुल्टी नदीपर्यंत नेले. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम पूर्ण झाले. सांडपाण्याच्या कालव्यातली पातळी उंच राहिल्यामुळे ते आजूबाजूच्या भेड्यांत आपोआप, उताराने घेता येऊ लागले. पंप नाही, वीज नाही. या सोयीमुळे मत्स्यशेती दूरवर पसरली.

तळ्यात काय घडते

भेडी खोल नसते. पाणी साधारण दीड-दोन फुटांपासून पाच फुटांपर्यंत. तिचे सगळे रहस्य या उथळपणात आहे, कारण ऊन तळापर्यंत पोचायला हवे. हिवाळ्यात भेडी रिकामी करतात, तळ उन्हात वाळवतात, गाळ उकरतात, चुना टाकतात. मग सांडपाणी घेऊन ते स्वस्थ राहू देतात.

सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. तो शेवाळ देते. सूक्ष्म हिरवे शेवाळ उन्हाच्या जोरावर, जिवाणूंनी मोकळे केलेले नत्र आणि स्फुरद वापरून वाढते आणि पाण्यात प्राणवायू सोडते. जिवाणूंचे उच्छिष्ट हे शेवाळाचे अन्न, आणि शेवाळाचा उच्छ्वास हा जिवाणूंचा श्वास. दिवसा शेवाळाच्या कामामुळे पाण्याचा अल्कधर्म वाढतो. तो आणि कडक ऊन मिळून रोगजंतूंचा मोठा भाग मारतात. १९१४मध्ये मँचेस्टरला शोधल्या गेलेल्या आणि आज जगभर रूढ असलेल्या पद्धतीतही घाण जिवाणूच खातात. तिथे प्राणवायू यंत्राने पुरवावा लागतो, आणि प्रकल्पाच्या विजेच्या बिलाचा मोठा भाग त्यावर जातो. इथे तेच काम सूर्य करतो.

पण शेवाळ फार माजले तर रात्री तेच प्राणवायू संपवते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. म्हणून मासा या व्यवस्थेचा केवळ नफा नाही, तिचा राखणदारही आहे. चंदेरा, कटला, रोहू, तिलापिया हे मासे शेवाळ आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जीव खाऊन समतोल राखतात. काठालगत बांबू बांधून जलपर्णी अडवून ठेवलेली असते. एरवी तळी गिळणारी ही वनस्पती इथे लाटांपासून बांध वाचवते, उन्हात माशांना सावली देते आणि मुळांनी काही जड धातूही शोषते. भेडीतून बाहेर पडलेले पाणी पुढे भातशेतीला जाते. सांडपाणी किती आणि कधी घ्यायचे, हे भेडीवर राबणारा माणूस पाण्याचा रंग, वास आणि पहाटेची माशांची हालचाल पाहून ठरवतो. हे ज्ञान हातातून हातात गेले. ते कोणी लिहून ठेवले नव्हते.

नकाशावरची कोरी जागा

न लिहिलेल्या ज्ञानाची किंमत पुढे मोजावी लागली. स्वातंत्र्यानंतर फाळणीच्या निर्वासितांनी आणि वाढत्या लोकसंख्येने गुदमरलेल्या शहराला जागा हवी होती. नियोजनकारांच्या नकाशात पूर्वेकडे फक्त दलदल दिसत होती. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या काळात, १९६२मध्ये, युगोस्लाव्हियातल्या कंपनीच्या मदतीने हुगळीच्या तळाचा गाळ पाण्यात कालवून नळांनी आणण्यात आला आणि उत्तरेकडची तळी बुजवली गेली. त्यावर सॉल्ट लेक, म्हणजे आजचे बिधाननगर उभे राहिले. घरांची गरज खरी होती. पण आपण बुजवतो आहोत ते शहराचे सांडपाणी स्वच्छ करणारे तळे आहे, हे तेव्हा कोणाच्या हिशेबात नव्हते.

तो हिशेब मांडला ध्रुबज्योती घोष यांनी. ते राज्य सरकारचे अभियंता. परिसरशास्त्रातही त्यांनी संशोधन केले होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी शहराच्या सांडपाण्याचा पुनर्वापर कसा करता येईल, हे शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. ते कालव्याच्या कडेने पूर्वेकडे चालत गेले आणि त्यांना दिसले, की जे शोधायला सांगितले आहे ते इथले लोक दोन पिढ्या करत आहेत. पुढची अनेक वर्षे त्यांनी मासेमारांच्या शेजारी बसून ही रीत समजून घेतली, पाण्याचे नमुने तपासले, सीमा आखल्या. ज्या दलदलीला नाव नव्हते, तिला 'पूर्व कोलकाता पाणथळ' ही ओळख मिळाली. निसर्ग आणि हे श्रमिक मिळून शहराला एक न दिसणारे अनुदान देत आहेत, हे घोष यांचे आयुष्यभराचे सांगणे होते. १९९०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'ग्लोबल ५००' सन्मान देऊन त्यांचा गौरव केला. २०१८मध्ये त्यांचे निधन झाले.

या कामाचा उपयोग लवकरच झाला. १९९०च्या सुमारास याच परिसरात मोठे व्यापारी संकुल उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 'पब्लिक' या नागरिकांच्या संघटनेने कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर १९९२मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी पाणथळ जागांचा वापर बदलण्यास मनाई केली. १९ ऑगस्ट २००२ रोजी १२,५०० हेक्टरचा हा परिसर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आला आणि २००६मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. अडीचशेच्या आसपास भेड्या आजही शहराचे पाणी घेतात. वर्षाला सुमारे दहा हजार टन मासे याच शहराच्या बाजारात परत जातात.

ऊन फुकट, जमीन नव्हे

इथे ही कथा संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. पहिली गोष्ट, ही तळी घरगुती घाण पचवू शकतात, कारखान्यांची नव्हे. टांगरा, तोपसिया, तिलजला भागांतल्या चर्मोद्योगांचे क्रोमियमयुक्त पाणी वर्षानुवर्षे याच कालव्यांत येत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये हे कारखाने हलवण्याचा आदेश दिला. त्यांच्यासाठी जागा ठरली ती बानतला, म्हणजे या पाणथळीच्या अगदी शेजारी. जिवाणू साबण, अन्न आणि मैला यांचा समाचार घेतील. धातू त्यांना खाता येत नाही. दोन पाणी एकत्र झाली, की अळूच्या आळ्यापासून भेडीपर्यंतचे सगळे शहाणपण हतबल होते.

दुसरी गोष्ट मालकीची. बहुतेक भेड्या खासगी, काही सहकारी, थोड्या सरकारी. पाण्यात उभे राहून राबणाऱ्याच्या नावावर जमीन क्वचितच असते. भेडी बुजवून भूखंड विकला तर मालकाला एका दिवसात जे मिळते, ते मासे विकून आयुष्यात मिळत नाही. शहराचे पाणी स्वच्छ केल्याबद्दल त्याला किंवा त्याच्या मजुराला कोणी काही देत नाही. कायदा आहे, यादीत नाव आहे. तरीही कडेकडेने भराव पडत राहतो. शिवाय कालवे गाळाने भरले, की दूरच्या भेड्यांना सांडपाणीच पुरेसे मिळत नाही. शहराला नकोसे झालेले पाणी मिळावे म्हणून इथले लोक मागणी करतात, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते.

आपल्याकडेही या विद्येचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. नागपूरला १९५८मध्ये स्थापन झालेल्या आणि आज 'नीरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने उन्हावर चालणाऱ्या अशा तळ्यांचा अभ्यास साठच्या दशकातच केला होता. कर्दळ आणि पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावून सांडपाणी शुद्ध करण्याची 'फायटोरिड' पद्धतही तिथलीच. म्हणजे ज्ञान नाही, असे म्हणायला जागा नाही. ऊनही कलकत्त्यापेक्षा विदर्भ-मराठवाड्यात कमी नाही. प्रत्येक नगरपालिकेत अडते ते जागेपाशी. यंत्राला अर्धा एकर पुरतो आणि तळ्याला अनेक एकर लागतात, मग गावाबाहेरचा सखल तुकडा सांडपाण्यासाठी राखावा की विकावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. यंत्राचे वीजबिल दर महिन्याला येते आणि भरता आले नाही की यंत्र बंद पडते. तेव्हा तो तुकडा परत मिळत नाही.

विद्याधरी पसरण्याची जागा हरवून मेली. तिच्या जागी आलेल्या तळ्यांनाही तेवढीच एक गोष्ट लागते. जिवाणू, शेवाळ, मासा आणि ऊन यांनी आपला वाटा शंभर वर्षे चुकता केला आहे. जागेचा वाटा माणसांनी द्यायचा असतो, आणि तो दर पिढीला नव्याने द्यावा लागतो.