नाव आणि गाव : एका टेबलाच्या स्थलांतराची गोष्ट

मागच्या वेळी आपण कॉडच्या १९७० च्या निबंधापाशी थांबलो होतो. यंत्रात माहिती कशी रचली आहे, याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य नसावं, हा त्याचा आग्रह. आजचा प्रश्न त्यातूनच निघतो, पण दिसायला अगदी किरकोळ आहे. एका स्कीमातल्या टेबलाचा बॅकअप दुसऱ्या स्कीमात कसा उतरवायचा? ('स्कीमा' म्हटलं की आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना कांट आठवतो. त्याला आज बसू द्या. इथे स्कीमा म्हणजे डेटाबेसच्या वाड्यातली एक खोली.)

आम्हाला हा प्रश्न एका ग्रंथालयात भेटला. पोथ्यांची सूची दुरुस्त करताना दोन महिन्यांपूर्वीची प्रत शेजारी ठेवून ताडून पाहायची होती. पोस्टग्रेसच्या पीजी रिस्टोरला आम्ही 'क्लीन' हा पर्याय दिला. आम्हाला वाटलं, स्वच्छ प्रत मिळेल. त्याने चालू टेबल काढून टाकलं आणि जुनं त्याच जागी बसवलं. त्याच्याकडे स्कीमाचं नाव सांगायचा पर्याय आहे, पण तो कुठलं उचलायचं एवढंच सांगतो. कुठे ठेवायचं, ते नाही.

ऑरेकलमध्ये ही सोय जुनी आहे. तिथे स्कीमा वापरकर्त्याच्या नावानेच चालतो, म्हणून जुन्या इंपोर्टला 'कोणाकडून' आणि 'कोणाकडे' असं दोन्ही सांगता येई. पुढे डेटा पंपमध्ये 'रीमॅप स्कीमा' आला. पोस्टग्रेसमध्ये स्कीमाच आले २००२ मध्ये, ७.३ या आवृत्तीत. तेव्हा बॅकअपच्या फाइलीत आधी एक ओळ असे : सर्च पाथ अमुक. त्याखाली टेबलांची नुसती नावं. गावात 'पाटलांचा वाडा' म्हटलं की पुरतं ना, तसं! ती ओळ बदलली की टेबल दुसऱ्या खोलीत जाई. लोक वर्षानुवर्षं हेच करत होते.

२०१८ मध्ये ते बंद पडलं. सामायिक खोलीत कोणी त्याच नावाचं फंक्शन मुद्दाम ठेवलं, तर दुसऱ्याच्या हातून ते चालवलं जाऊ शकतं, ही त्रुटी तेव्हा दुरुस्त झाली. म्हणून पीजी डंप सर्च पाथ रिकामा ठेवून प्रत्येक नाव गावासकट लिहू लागला. सुरक्षितता आली, स्थलांतर अवघड झालं. आमच्या मते निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत कोणी मोजली हे विसरू नये.

आता आम्ही बॅकअप वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवतो, तिथे स्कीमाचं नाव बदलतो, पुन्हा डंप घेतो आणि मगच मूळ ठिकाणी आणतो. यातही एक गंमत आहे. व्ह्यू टेबलाला आतल्या क्रमांकाने ओळखतो, त्यामुळे नाव बदललं तरी त्याचं बिघडत नाही. फंक्शनच्या मजकुरात मात्र जुनं नाव तसंच राहतं. ते हाताने शोधावं लागतं.

आमच्या त्या दुरुस्त्या पुन्हा झाल्या. टिपणांच्या वह्या अजून रद्दीत गेल्या नव्हत्या.