जहाजं अडवणारे खडक आणि आपला स्नॉर्कल

आम्ही सावंगीची पोरं. सावंगी (मेघे) म्हणजे वर्ध्याला अगदी लागून, आणि इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पोहायचं म्हणजे विहीर, नाहीतर पवनारला धाम नदी. त्यामुळे ग्रुपमध्ये "यंदा बेटावर जायचं, स्नॉर्कलिंग करायचं" असं निघालं की पहिलं नाव येतं अंदमान, दुसरं लक्षद्वीप. मग विमानाची तिकिटं बघितली जातात, आणि तिसरं नाव येतं मालवण :)

हरकत नाही. मालवण काही नाइलाजाची निवड नाही. पण तिथे नेमकं कुठे पाण्यात उतरायचं? माझ्या मते या प्रश्नाचं बरंचसं उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय. काम मात्र वेगळं होतं.

साल १६६४. जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली होती. जंजिऱ्यावर सिद्दी ठाण मांडून, गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डचांची वखार. दक्षिण कोकणात स्वतःच्या आरमारासाठी भक्कम जागा हवी होती. ती मिळाली मालवणच्या समोर, कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर. २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि साधारण तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. काम बघितलं हिरोजी इंदुलकरांनी. सुमारे ४८ एकरांचं बेट, आणि तटाच्या पायात शिसं ओतलं असं परंपरा सांगते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात हाही आहे.

आता जरा इंजिनियरच्या नजरेने बघा. या बेटाचं स्पेसिफिकेशन काय होतं? एक म्हणजे गोडं पाणी. चहूबाजूंनी खारा समुद्र, पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. दुसरं म्हणजे किनारा जवळ. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: बेटाभोवती पाण्याखाली आणि पाण्याबरोबर पसरलेले खडक. मोठ्या जहाजाचा तळ पाण्यात खोल बुडतो, त्याला इथे जवळ यायचं म्हणजे जिवाशी खेळ. स्थानिक तांडेलाची छोटी होडी मात्र खडकांमधली वाट काढत आरामात येते-जाते. फुकटची फायरवॉलच म्हणा ना! पासवर्ड फक्त गावच्या लोकांकडे.

अर्थात कुठलीच फायरवॉल अभेद्य नसते. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस, आणि पुढच्या वर्षी पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत दिला. असो.

गंमत पुढे आहे. जे खडक जहाजांना नकोसे, तेच प्रवाळांना हवे असतात. प्रवाळाचं पिल्लू पाण्यातून तरंगत येतं आणि त्याला चिकटायला टणक तळ लागतो. सरकत्या वाळूवर त्याचा संसार होत नाही. वर उजेड पोचेल इतकं उथळ पाणी हवं, गाळ कमी हवा. सिंधुदुर्गाच्या खडकांवर हे सगळं जमून येतं, म्हणून तिथे प्रवाळ आहेत, आणि प्रवाळांमुळे रंगीत मासे. म्हणजे किल्ल्यासाठी खडक शोधणारा आणि स्नॉर्कलिंगसाठी जागा शोधणारा एकाच ठिकाणी पोचतो.

हे एकदा कळलं की निवड सोपी होते. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी 'त्सुनामी आयलंड' म्हणून वाळूचा पट्टा आहे. मजा करायला झकास, पण खाली वाळू आणि नदीचं गढूळ पाणी, मास्क लावून बघणार काय? तारकर्लीचा किनारा सुंदर, पण तोही वाळूचा. मासे बघायचे तर किल्ल्याजवळचा खडकाळ भाग. तेही पावसाळ्यात नाही, तेव्हा समुद्र खवळलेला आणि पाणी मातकट. थंडीचे महिने धरा, आणि सकाळची वेळ, कारण दुपारी वारा वाढतो आणि लाटाही.

पण जागा निवडणं म्हणजे नुसतं "मासे कुठे" एवढंच नाही. १९८७ मध्ये हा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग आणि शेजारचा पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. मच्छीमारांनी याला विरोध केला, कारण ज्या पाण्यावर पोट चालतं तिथेच बंधनं येणार होती. म्हणजे आपण वीकेंडला जिथे तासभर तरंगतो, त्या जागेवरून इथे वर्षानुवर्षं भांडण आहे. एवढी जाण ठेवून तरी पाण्यात उतरावं.

दुसरी गोष्ट होडीची. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेव्हा "सगळ्यात स्वस्त कोण" हा पहिला प्रश्न नको. लाईफ जॅकेट आहे का, होडीत माणसं किती, आज समुद्र कसा आहे, हे आधी विचारा. तांडेल "आज नको" म्हणाला तर घासाघीस न करता किल्ला बघायला जा.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. पाण्यात दमलं की माणूस सहज खालच्या 'दगडावर' उभा राहतो. तो दगड बऱ्याचदा जिवंत असतो. पोराइट्स जातीचा गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा तुमच्या-माझ्या वयाच्या आसपास असू शकतो. फिनचा एक फटका, आणि झालं. २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत संरक्षण आहे. आपण विदर्भातली माणसं बोरच्या जंगलात वाघ दिसला तर जिप्सीतून खाली पाय ठेवत नाही. इथेही तेवढंच करायचंय: खाली पाय ठेवायचा नाही. नीट तरंगता येत नसेल तर आधी वाळूच्या तळावर, कमरेएवढ्या पाण्यात सराव करा आणि मग खडकांकडे जा. तारकर्लीची वाळू त्यासाठी उत्तम.

या खडकांनी एका किल्ल्याची राखण केली. आता त्यांची राखण करायची पाळी आपली, आणि त्यासाठी आरमार लागत नाही.