‘डोळा’ आणि ‘डोया’

नागपूर शहराबाहेर चार कोस गेलें, कीं ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘काळा’ तो ‘काया’ होतो आणि मुलाची ‘शाळा’ ही ‘शाया’ बनते. मग गुरुजी त्याची जीभ सुधारूं पाहतात आणि शेजारचीं मुलें हंसतात. या उच्चाराला अशुद्ध म्हणून हिणवण्यांत येतें. त्याची चाल मात्र मोठी शिस्तीची आहे.

संस्कृतांतील दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ मराठींत येतांना बहुधा ‘ळ’ झाला. प्राकृतांतील ‘ल्ल’ मात्र ‘ल’ म्हणून उरला. म्हणून संस्कृत ‘काल’ आपला ‘काळ’ झाला, आणि ‘कल्य’, ‘कल्ल’ या वाटेनें आदला दिवस ‘काल’ ठरला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० सालीं पॅरिसला निघाला; असे नियम त्यांत सांपडतात. त्यापूर्वींच, १९०५ सालीं, ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीवरील सातवा खंड स्टेन कोनोव या नॉर्वेच्या विद्वानानें सिद्ध केला होता, आणि वऱ्हाडी-नागपुरीला त्यांत मानाची जागा मिळाली होती.

पुढें १९३९ सालीं ट्रुबेट्स्कॉयचा ध्वनिव्यवस्थेवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्राग येथें प्रसिद्ध झाला. ध्वनीचें मोल त्याच्या नादांत नसून इतर ध्वनींहून असलेल्या वेगळेपणांत आहे, हा त्यांतील विचार. ही कसोटी ‘डोया’ला लावून पाहावी. पुण्याचा माणूस ‘गाल’ आणि ‘गाळ’ म्हणतो. नागपूरकडील खेडूत ‘गाल’ आणि ‘गाय’ म्हणतो. दोन शब्द दोनच राहिले! विहिरींतला गाळ आणि गोठ्यांतली गाय यांचा उच्चार एक झाला खरा. पण गाय काढायला कोणी विहिरींत उतरत नाहीं.

‘ण’ची गोष्ट निराळी. ‘पाणी’ ‘पानी’ झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं; परंतु धान्याचा ‘मण’ आणि माणसाचें ‘मन’ एकच होऊन बसतात. तेथें भेद खरोखर बुडाला.

नागपूर १८६१ पासून मध्यप्रांताची आणि पुढें १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होतें. शहराच्या कानांवर हिंदी सतत पडत आली, आणि प्रमाण हिंदींत ‘ळ’ नाहीं. त्या वळणानें ‘ळ’चा ‘ल’ करणाऱ्यास फारसें कोणी हंसत नाहीं. त्याच्या तोंडीं मात्र ‘गाळ’ही ‘गाल’च होतो.