हाणामारीतील हास्य आणि मास्टर भगवान

हाणामारीतून हास्य निर्माण करणाऱ्या चित्रपटांचा विषय निघाला की हाँगकाँगच्या जॅकी चॅन यांचे नाव प्रथम घेतले जाते. १९७८ सालच्या ‘ड्रंकन मास्टर’ने या प्रकारास जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरेच आहे. परंतु त्यापूर्वी सुमारे चार दशके मुंबईत एक मराठी कलावंत याच वाटेने चालला होता, याचे स्मरण आपणांस क्वचितच राहते.

भगवान आबाजी पालव (१९१३–२००२) हे गिरणी कामगाराचे पुत्र. मूकपटांच्या अखेरच्या काळात ते चित्रसृष्टीत आले. १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासह त्यांनी ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला आणि पुढे अल्पखर्ची साहसपटांची मालिकाच उभी केली. त्यांचा आदर्श होता अमेरिकेचा डग्लस फेअरबँक्स. पण बुटक्या, स्थूल बांध्याच्या या नायकाने मारामारी केली की शौर्याबरोबर हसूही उमटे. हेच त्यांचे वैशिष्ट्य होय. १९५१ च्या ‘अलबेला’त तलवारी नाहीशा झाल्या, तथापि त्या गाजलेल्या नृत्यांतील संथ, डुलती पावले साहसपटांत कसलेल्या शरीराचीच होती.

या चित्रपटांचा प्रेक्षक मुख्यतः कष्टकरी होता. ताप्तीकाठचे आपले बुऱ्हाणपूर हेही गिरणीचे व मागकऱ्यांचे नगर. मराठी, हिंदी व उर्दू जेथे एकाच बाजारात कानी पडतात, तेथे शब्दांवाचून हसविणाऱ्या कलेचे मोल निराळे सांगावयास नको. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिला हलकी मानावी, असे तिच्यात काही नाही.

मात्र या हास्याची किंमतही नोंदविली पाहिजे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणात भगवान यांची थप्पड ललिता पवार यांना इतकी जोराने बसली की त्यांना चेहऱ्याचा पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका सुटल्या. पुढे चरित्रभूमिकांतून त्यांनी स्वतःचे स्थान निर्माण केले, हा त्यांचा पुरुषार्थच म्हणावा लागेल. त्यांच्या यशामुळे त्या आघाताचे गांभीर्य उणे होत नाही. पडद्यावरचा लुटुपुटीचा मार खराखुरा सोसणाऱ्या नटनटींचा उल्लेख या इतिहासात पुसट राहिला, तर तो इतिहास अपुराच राहील.

भगवान यांच्या साहसपटांपैकी फारच थोडे आज पाहावयास मिळतात. ते ज्यांनी चित्रगृहाच्या पुढच्या बाकांवरून पाहिले, ती पिढीही मावळत आहे. चित्रफीत नष्ट झाली तरी प्रेक्षकाची आठवण हेही साधन असते. फक्त ते फार काळ टिकत नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावोगावच्या वृद्धांच्या अशा आठवणी वेळीच लिहवून घेतल्या, तर शब्दांवाचूनच्या या कलेस निदान शब्दांत तरी आश्रय मिळेल.