वनशेतीतील अ‍ॅलेलोपॅथी

एका वनस्पतीने बाहेर टाकलेल्या रसायनांचा शेजारच्या वनस्पतींच्या उगवणीवर व वाढीवर होणारा परिणाम म्हणजे अ‍ॅलेलोपॅथी. ‘परस्पर’ आणि ‘पीडा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये ही संज्ञा घडवली. परिणाम बहुधा मारक असतो. मात्र तेच रसायन अत्यल्प प्रमाणात वाढीस पूरकही ठरू शकते. झाडे आणि पिके एकाच शेतात घेतल्या जाणाऱ्या वनशेतीत या क्रियेला विशेष महत्त्व आहे.

रसायनांचे मार्ग : पानांवरून ओघळणारे पावसाचे पाणी, मुळांतील स्राव, कुजणारा पालापाचोळा आणि बाष्पनशील तेले या चार मार्गांनी रसायने पिकापर्यंत पोहोचतात. त्यांत फिनॉलिक आम्ले, टर्पिने, क्विनोने व कूमॅरिने प्रमुख आहेत. त्यांच्यामुळे बियांची उगवण लांबते, कोवळ्या मुळांची वाढ खुंटते, पेशीविभाजन मंदावते आणि अन्नद्रव्यांच्या शोषणात अडथळा येतो.

उदाहरणे : उत्तर अमेरिकेतील काळ्या अक्रोडातील जुग्लोन या रसायनामुळे टोमॅटो व लसूणघास कोमेजतात, हे १९२८ मध्ये दाखवण्यात आले. निलगिरीच्या पानांत सिनिओलसारखी बाष्पनशील तेले व फिनॉलिक आम्ले असतात. सुबाभळीच्या पानांतील व बियांतील मिमोसीन हे अमिनो आम्ल अनेक रोपांची वाढ रोखते. हिरवळीच्या खतासाठी लावल्या जाणाऱ्या गिरिपुष्पात कूमॅरीन असते.

पडताळणी : बांधावरील झाडालगत पीक खुरटे राहते, त्याला शेतकरी ‘वसवा’ म्हणतात. वसव्यात सावली, पाण्याची ओढ, अन्नद्रव्यांची स्पर्धा आणि रसायने यांचे परिणाम एकत्र असतात. काचपात्रात पानांच्या अर्काने बी उगवले नाही, म्हणजे शेतातही तसेच घडेल असे नाही. कारण मातीचे कण रसायने धरून ठेवतात आणि सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात. त्यामुळे मातीचा पोत, पाऊस, झाडाचे वय आणि पिकाची जात यांनुसार परिणाम बदलतो. सावली व पाणी समान ठेवून, किंवा रसायने शोषून घेणारा सक्रिय कोळसा मातीत मिसळून, केलेले प्रयोग अधिक विश्वसनीय मानले जातात.

उपाय : पिकास अनुरूप वृक्षाची निवड, झाडांच्या ओळींत पुरेसे अंतर, फांद्यांची छाटणी, पाला वेचून कुजवल्यानंतरच शेतात टाकणे आणि बांधालगत चर खोदून पिकात शिरणारी मुळे तोडणे हे उपाय योजतात. चरामुळे मुळांतील स्रावाबरोबर पाण्याची स्पर्धाही कमी होते. पानांतून ओघळणाऱ्या रसायनांना मात्र त्याने अटकाव होत नाही. हीच रसायने तणांनाही मारक असल्याने काही वृक्षांचा पाला तणनियंत्रणासाठी आच्छादन म्हणून वापरता येतो.